मातृत्वाचा हक्क आणि महामारीचा ‘थांबा’

महामारी आली की शासन सर्वांत आधी दोन याद्या करते. एक अत्यावश्यक गोष्टींची आणि दुसरी थांबू शकणाऱ्या गोष्टींची. कोणाचे दुःख कोणत्या यादीत टाकले गेले, यावरून त्या व्यवस्थेच्या मनात कोणाची किती किंमत आहे हे कळते. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा मूल होण्यासाठी औषधोपचार घेणाऱ्या स्त्री-पुरुषांचा प्रश्न दुसऱ्या यादीत गेला आणि तिथेच पडून राहिला. त्या काळात ऑक्सिजन, खाटा आणि रेमडेसिव्हिर यांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले आणि ते भरायलाच हवे होते. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर, कुकडी आणि घोड नदीच्या खोऱ्यांत, लग्नाला आठ-दहा वर्षे होऊनही पाळणा न हललेल्या बाईचे त्या दोन वर्षांत काय झाले, हे विचारायला कोणाला सवड झाली नाही. तो प्रश्न आम्ही आज विचारत आहोत. साथ ओसरली म्हणून प्रश्न संपत नसतो, आणि पुढची साथ येणारच नाही असे आरोग्यमंत्रीही सांगू शकत नाहीत.

घटनाक्रम आधी पाहू. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. १७ मार्चला अमेरिकेतील प्रजनन-वैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने नवे उपचार सुरू करू नका असा सल्ला दिला. युरोपातील संघटनेनेही सावधगिरीचाच इशारा दिला होता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. बस बंद, रेल्वे बंद आणि त्याबरोबर वंध्यत्वावरचे बहुतेक दवाखानेही बंद झाले. नव्या विषाणूचा गर्भावर काय परिणाम होतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी डॉक्टरांनी हात आखडता घेतला, यात आम्हाला काही गैर वाटत नाही. आमचा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. ‘थांबा’ हा शब्द सर्वांना एकसारखाच सांगितला गेला, पण थांबण्याची किंमत सर्वांना एकसारखी पडली नाही.

ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचे भ्रूण पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेले होते. त्यांनी वर्षाचे भाडे भरले आणि साथ ओसरण्याची वाट पाहिली. गोठवलेल्या भ्रूणाचे वय वाढत नाही. मात्र जिचे उपचार सुरूच झाले नव्हते तिचे वय वाढतच होते. पस्तिशीनंतर स्त्रीच्या बीजांडांची संख्या आणि प्रत झपाट्याने घसरते, हे वैद्यकशास्त्र सांगते. छत्तीस वर्षांच्या बाईची दोन वर्षे गेली म्हणजे कदाचित सगळेच गेले. श्रीमंताचा वेळ गोठवता येतो आणि गरिबाचा वेळ वाया जातो, एवढा साधा हिशेब त्या ‘थांबा’मध्ये दडलेला होता.

हे उपचार म्हणजे एकदा जाऊन गोळी घेऊन येण्यासारखे काम नाही. टेस्ट ट्यूब बेबी ज्याला म्हणतात त्या उपचारात दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने घ्यावी लागतात. त्यांतली बरीच इंजेक्शने थंड पेटीत सांभाळावी लागतात. एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी असते, रक्त तपासावे लागते, मग भूल देऊन बीजे काढतात आणि काही दिवसांनी तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडतात. एका खेपेला दीड-दोन लाख रुपये सहज लागतात आणि पहिल्याच खेपेला यश येईल याची खात्री कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. जुन्नर पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर आहे. पश्चिमेकडच्या घाटमाथ्याखालच्या आदिवासी गावांतून निघायचे तर आधी जुन्नर, घोडेगाव किंवा मंचर गाठावे लागते आणि मग पुण्याची गाडी धरावी लागते. जिथे एसटीची एक फेरी चुकली तर दिवस बुडतो, तिथे दहा दिवसांत पाच-सहा वेळा पुण्याला जाणे म्हणजे काय, हे कागदावर योजना आखणाऱ्यांना उमगत नाही. टाळेबंदीत तर एसटीच बंद होती. त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि या दोन्ही तालुक्यांतील आदिवासींच्या हिरड्याचे मोठे नुकसान झाले. हिरडा हे इथल्या महादेव कोळी समाजाचे हक्काचे रोख उत्पन्न. ते गेले म्हणजे उपचारासाठी चार पैसे बाजूला टाकण्याचा मार्गही गेला.

आता खुद्द विषाणूकडे वळू. उपचार चालू असताना कोरोनाची बाधा झाली तर काय होते, हे कोणी या बायांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले काय? बीजकोशांना चालना देणाऱ्या औषधांमुळे शरीरातील इस्ट्रोजेन वाढते आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो. कोरोनाचा विषाणूही रक्त गोठवण्याकडेच झुकणारा. हे दोन धोके एकत्र येऊ नयेत म्हणून ताप-खोकला दिसताच उपचाराची खेप मध्येच थांबवावी लागे. खेप थांबली की तोवर घेतलेल्या इंजेक्शनांचे पैसे बुडाले. भूल देण्यातही श्वसनाचा धोका होताच. पुरुषांनाही विषाणूने सोडले नाही. कडक ताप येऊन गेला की शुक्रजंतूंचे प्रमाण काही काळ घटते आणि नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे नवऱ्याला कोरोना होऊन गेला असेल तर जोडप्याने आणखी थोडे थांबावे, हा साधा सल्लाही मोलाचा होता. तो पुण्याच्या चकचकीत दवाखान्यात मिळाला. वाडीवरच्या माणसाला कोण देणार होते?

आणि उपचार यशस्वी होऊन दिवस राहिले तर पुढे आणखी मोठे संकट उभे होते. मुंबईच्या नायर रुग्णालयातील गरोदर आणि बाळंतिणींच्या नोंदी राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी तपासल्या. कोरोना झालेल्या १,५३० स्त्रियांपैकी पहिल्या लाटेत १४.२ टक्के स्त्रियांना लक्षणे होती, दुसऱ्या लाटेत हे प्रमाण २८.७ टक्क्यांवर गेले. मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झाले. ज्या बाईने कर्ज काढून, दागिना मोडून, सासरचे टोमणे गिळून दहा वर्षांनी गर्भ मिळवला, ती बाई या आकड्यांच्या तोंडाशी उभी होती. तिला संरक्षण काय होते? देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली ती १ मे २०२१ पासून, आणि गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली २ जुलै २०२१ रोजी. दुसऱ्या लाटेचा कहर झाला एप्रिल आणि मे महिन्यांत. म्हणजे आग विझल्यावर पाण्याचा बंब दारात आला. अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटाला लस घ्यायची तर आधी मोबाइलवर वेळ नोंदवा, असा फतवा निघाला. शहरातील मंडळींनी खेड्यांतल्या केंद्रांच्या वेळा पटापट पकडल्या आणि मोटारीने येऊन लस टोचून गेली. ज्या गावात लस आली त्या गावची बाई मात्र रांगेच्या बाहेर राहिली.

याच काळात एक अफवा गावोगाव फिरली. लस घेतली की मूल होत नाही, बाई वांझ होते, पुरुष निकामी होतो. ही अफवा साफ खोटी होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तसे जाहीर केले. अमेरिका आणि कॅनडातील दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले, तेव्हा लसीचा गर्भधारणेवर परिणाम होत नाही असे दिसले. उलट पुरुषाला नुकताच कोरोना झालेला असेल तर गर्भधारणेची शक्यता काही काळ कमी होते, असे त्यात आढळले. म्हणजे भीती बाळगायची ती विषाणूची, लसीची नव्हे. आमच्या वाचकांनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी आणि चार घरी सांगावी.

परंतु अफवेवर विश्वास ठेवणाऱ्यांना अडाणी म्हणून हिणवणाऱ्या पांढरपेशा विद्वानांना आम्ही एक प्रश्न विचारतो. गरीब माणसाला सरकारी सुईची भीती का वाटते? १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण त्या काळातील धरपकड लोकांच्या आठवणीतून गेलेली नाही. कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेसाठी अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील स्त्रीला ६०० रुपये आणि इतरांना २५० रुपये, असा दर सरकारने वर्षानुवर्षे ठेवला. दलित-आदिवासी बाईचा पाळणा थांबवण्यासाठी सरकार जास्त पैसे मोजते, ही गोष्ट त्या बाईला कळत नाही असे समजू नका. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढल्याचा प्रश्न गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या समाजाचा हा अनुभव आहे त्याच्या मनात शंका उगवली तर जमीन कोणी नांगरून ठेवली होती? शस्त्रक्रियेच्या शिबिराला गाडी वाडीपर्यंत येते. मूल होत नाही म्हणणाऱ्या बाईसाठी मात्र गाडी येत नाही आणि केस पेपरवर तिच्या दुखण्याला रकानाही नसतो. नसबंदीला दार उघडे आणि वंध्यत्वाला दार बंद, हे आमच्या आरोग्यसेवेचे खरे रूप आहे.

कोणी म्हणेल, टेस्ट ट्यूब बेबी हे श्रीमंतांचे चोचले आहेत, गरिबांच्या वर्तमानपत्राने त्यावर शाई का खर्च करावी? हा समज आधी खोडून काढला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते आणि त्यात गरीब देश व श्रीमंत देश असा मोठा फरक नाही. फरक आहे तो उपचारात. आणखी एक गोष्ट आमच्या तरुणांनी लक्षात घ्यावी. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत टेस्ट ट्यूब पद्धतीने जे बाळ जन्मले ते कोणत्या पंचतारांकित रुग्णालयात जन्मले नाही. ते महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सरकारी संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी ते काम केले. त्याआधी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी असाच प्रयोग यशस्वी केला होता, तर तत्कालीन सरकारी यंत्रणेने त्यांची अवहेलना केली. मुद्दा असा की मुंबईत हे शास्त्र जनतेच्या पैशावर जन्मले आणि पुढे खाजगी तिजोऱ्यांत जाऊन बसले. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ साली हे उपचार मोफत सुरू झाले. जे गोव्याला जमले ते पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या आवारात का जमू नये?

शिवाय गरीब बाईच्या वंध्यत्वाचे कारण बहुतेक वेळा गरिबीतच सापडते. भारतात गर्भनलिका बंद होण्याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून कळतो, गर्भनलिकेचा क्षय मुकाट्याने पसरतो आणि मूल होत नाही तेव्हाच त्याचा पत्ता लागतो. बाळंतपणातील अस्वच्छता, असुरक्षित गर्भपात, अंगावर काढलेला पांढरा प्रदर ही बाकीची कारणे. यांवरचे उपाय लाखाचे नाहीत, वेळेवर केलेल्या तपासणीचे आहेत. आता महामारीने काय केले ते पाहा. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० साली सुमारे १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नाही, तपासणी कमी झाली. न सापडलेल्या त्या लाखो रुग्णांत तरुण मुली किती असतील आणि त्यांतल्या कितीजणी उद्या ‘वांझ’ म्हणून हिणवल्या जातील? कोरोनाने केलेले हे नुकसान कोणत्याही मृत्यूच्या आकड्यात दिसणार नाही.

इथे आम्हाला आमच्याच घरात डोकावून चार शब्द बोलायचे आहेत. मूल न होण्याच्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण जवळजवळ निम्म्या वेळा असते. तरीही तपासणीला आधी बाईला पिटाळले जाते आणि पुरुष वीर्यतपासणीच्या नावानेच रागावतो. हळदी-कुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला तिला टाळणारी माणसे आपल्या वस्त्यांतही आहेत. ज्या पुणे जिल्ह्यात आपण राहतो त्याच भूमीत जोतीराव आणि सावित्रीबाई फुले या दाम्पत्याला मूल नव्हते. जोतीरावांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह झुगारला, एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले आणि डॉक्टर केले. त्याच यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा केली. प्लेग झालेल्या एका दलित मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मूल नसलेली बाई अपशकुनी म्हणणाऱ्याने हा इतिहास पुन्हा वाचावा. बाईचे मोठेपण तिच्या कुशीवर ठरत नाही. आणि मूल हवे असेल तर त्यासाठी उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी हक्काच्या भाषेत मांडला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. मातृत्वाचा भार एकट्या बाईच्या अंगावर टाकू नये, त्यात राष्ट्राचे हित आहे म्हणून तो वाटून घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, त्यामागेही बाबासाहेबच होते. मूल कधी हवे आणि किती हवीत हे स्त्रीला ठरवता आले पाहिजे, हे त्याचे सार. नको असलेले मूल लादू नये आणि हवे असलेले मूल पैशाअभावी नाकारू नये, ही एकाच हक्काची दोन अंगे आहेत. सरकारने त्यातले पहिले अंग तेवढे उचलले आणि तेही लक्ष्य गाठण्यासाठी.

पुढची साथ दूर नाही. २०२१ च्या जुलैमध्ये राज्यातील पहिला झिका रुग्ण याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला. झिका डासातून पसरतो तसा शरीरसंबंधातूनही पसरतो आणि गर्भाच्या मेंदूला इजा करतो. म्हणून गावातील जोडप्यांना काही महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देण्यात आला. २०२४ साली पुणे शहरात पुन्हा झिका आला आणि बाधितांत गरोदर स्त्रियाही होत्या. सल्ला शास्त्रीयच होता. पण पुन्हा तोच ‘थांबा’. थांबल्यावर तिला कोणी बोलावणार आहे काय, तिची नोंद कोणाकडे आहे काय, याचे उत्तर कोणी देत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वंध्यत्वाची तपासणी पती-पत्नी दोघांसाठी मोफत सुरू करावी. त्यात जननेंद्रियांच्या क्षयाची तपासणी असावी. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने पुण्याला पाठवलेल्या रुग्णांचा प्रवासखर्च द्यावा. ससूनमध्ये टेस्ट ट्यूब उपचार सरकारी खर्चाने सुरू व्हावेत आणि ते आरोग्य योजनांत यावेत. साथीच्या आराखड्यात उपचार घेणाऱ्या स्त्री-पुरुषांची वेगळी नोंद असावी, लसीत त्यांना अग्रक्रम मिळावा आणि साथीमुळे मोडलेल्या खेपेचा खर्च एकट्या रुग्णाच्या माथी मारू नये. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर गेल्या, ताप मोजला, मधुमेह-हृदयविकार विचारले. त्याच आशाताईंना योग्य मानधन आणि प्रशिक्षण द्या, त्या हा प्रश्नही नाजूकपणे विचारतील.

आमच्या कार्यकर्त्यांनीही केवळ निवेदन देऊन थांबू नये. येत्या ग्रामसभेत हा विषय लावून धरावा. मूल नसलेल्या जोडप्याला घेऊन मंचरला किंवा जुन्नरला जावे आणि पुरुषाची तपासणी आधी करून घ्यावी. केस पेपरवर दुखण्याची नोंद करायला लावावी. नोंद नसलेले दुःख सरकारला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या दुःखासाठी अंदाजपत्रकात रुपया ठेवला जात नाही.